पुस्तकाची जागा कोण ठरवतो? : घरच्या ग्रंथसंग्रहाच्या यादीविषयी

मराठीत ग्रंथप्रेमावर विपुल लेखन झाले आहे. वडिलोपार्जित कपाटे, आजोबांनी बांधून घेतलेले मासिकांचे अंक, जुन्या कागदाचा वास हे त्या लेखनाचे नेहमीचे विषय. या लेखनात खोटे काही नाही. पण त्याने वाचनाच्या आवडीला एका विशिष्ट वर्गाचा आणि जातीचा पत्ता चिकटवून टाकला आहे. ज्याच्या घरात पुस्तक आधीपासूनच होते त्याची आवड तेवढी खरी, असा समज त्यातून रूढ झाला. ज्याच्या घरात छापील कागद पहिल्यांदा किराण्याच्या पुडीच्या रूपाने आला, त्याच्या आवडीचे वर्णन करायला या लेखनापाशी शब्द नाहीत. ती आवड समजून घ्यायची असेल तर अशा घरांतील पुस्तकांची यादी पाहावी लागते.

चळवळीत वाढलेल्या अनेक घरांत अशी यादी असते. दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने : अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत, आणि शेवटी 'कोणी नेले'. वरवर पाहता हा निव्वळ हिशेब आहे. माझे म्हणणे असे की ही वही म्हणजे एक टीकाग्रंथ आहे. नोंद करणाऱ्याला प्रत्येक पुस्तकापाशी थांबून ठरवावे लागते की हे पुस्तक काय आहे, इतिहास की कथा, धर्म की समाजशास्त्र, आणि त्याला कोणाच्या शेजारी उभे करायचे. समीक्षकाचे पहिले कामही हेच असते. समीक्षक पानेच्या पाने लिहून निर्णय पुढे ढकलू शकतो. नोंद करणाऱ्याला ती सवलत नाही, कारण फळीवर पुस्तक एकाच जागी ठेवता येते.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात तिने धर्मपुस्तकाचाच मुद्दा काढला आहे. वेद वाचण्याचा अधिकार ब्राह्मणांनाच असेल तर आम्हांला धर्मपुस्तक नाही, आणि धर्मपुस्तक नाही म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत, असा तिचा युक्तिवाद आहे. पुस्तक कोणाचे, ते कोणाच्या हाती असावे आणि त्यावरून माणसाचे स्थान कसे ठरते, हे चौदा वर्षांच्या मुलीने इतक्या स्पष्टपणे मांडले. आपली ग्रंथविषयक समीक्षा तिच्यापासून सुरू होते असे मानायला हरकत नसावी.

बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. त्यांच्या वाचनवेडाच्या गोष्टी आपण सभांतून सांगतो आणि त्या सांगताना फक्त थक्क होतो. थक्क होण्यापलीकडे जाऊन पाहिले तर त्या संग्रहामागे वारसा नाही, कर्ज आहे. मुलाने मागितलेले पुस्तक आणण्यासाठी सुभेदार रामजी विवाहित मुलींकडून पैसे आणत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत, असे चरित्रकार सांगतात. शाळकरी वयात कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक त्यांच्या आयुष्यात कोठपर्यंत पोचले हे १९५६ साली जगाने पाहिले. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकताना त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके जमवली. १९१७ साली ते परतले तेव्हा सामान ज्या जहाजाने येत होते ते युद्धात टॉर्पेडोने बुडाले आणि त्याबरोबर पुस्तकेही गेली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. गहाण पडलेले दागिने, भेट मिळालेले एक चरित्र, समुद्रात गेलेला संग्रह आणि शेवटी ग्रंथांसाठी बांधलेले घर, हा या वाचनप्रेमाचा इतिहास आहे. त्याची नोंद 'लेखक, शीर्षक, किंमत' एवढ्या तीन रकान्यांत मावत नाही.

आता प्रस्थापित ग्रंथालयांच्या रकान्यांकडे वळू. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा चिकटवलेला असतो तो मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाच्या दशांश वर्गीकरणातला. ही पद्धत १८७६ साली प्रथम प्रसिद्ध झाली. सर्व ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, मग दशांशचिन्ह आणि पुढे हवे तितके आकडे, अशी तिची रचना. पद्धत सोपी आहे, उपयुक्त आहे, आणि तिच्यामुळे जगभरच्या वाचकांची सोय झाली हे नाकारण्याचे कारण नाही. पण आकडा निःपक्षपाती असतो ही समजूत मात्र टाकून दिली पाहिजे. धर्माचा वर्ग २०० चा. त्यात २२० ते २८० हा सगळा भाग बायबल आणि ख्रिस्ती धर्मासाठी राखलेला, आणि उरलेल्या साऱ्या जगाचे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. भारतात जन्मलेले धर्म २९४. त्यात बौद्ध धर्म २९४.३ आणि हिंदू धर्म २९४.५. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी जो प्रवास केला तो या पद्धतीत दोन दशांशांचा आहे, आणि मध्ये बसला आहे जैन धर्म.

समाजशास्त्राच्या वर्गात परिस्थिती अधिक बोलकी आहे. ३०५.५ म्हणजे सामाजिक वर्ग. त्यात ३०५.५१२२ हा जातिव्यवस्थेचा आकडा. ३०५.५६७ गुलामांचा, ३०५.५६९ गरिबांचा, आणि या दोहोंच्या मध्ये ३०५.५६८ हा समाजाने बाहेर टाकलेल्यांचा. दलितांविषयीची पुस्तके या बाहेर टाकलेल्यांच्या आकड्याखाली, ३०५.५६८८ वर जातात. वस्तुस्थिती म्हणून यात चूक काढता येणार नाही. समाजाने आपल्याला बाहेर टाकले हे खरेच आहे. हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. त्या आकड्याखाली दलितांविषयी लिहिणारा परदेशी संशोधकही बसतो आणि स्वतःचे जगणे लिहिणारा दलित लेखकही बसवला जातो. अभ्यासणारा आणि अभ्यासला जाणारा एकाच फळीवर येतात, आणि दुसऱ्याचे पुस्तक पहिल्याच्या पुस्तकाचा कच्चा माल ठरते.

ज्याच्या नावाने ही पद्धत चालते त्याच्याविषयीही आपल्या विद्यार्थ्यांना माहिती असावी. ड्युईने चालवलेल्या लेक प्लॅसिड क्लबमध्ये ज्यूंना प्रवेश नव्हता. त्याबद्दल ज्यू पुढाऱ्यांनी तक्रार केली आणि १९०५ साली त्याला न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदाचा राजीनामा द्यावा लागला. हा वंशद्वेष आणि स्त्रियांशी केलेले गैरवर्तन ध्यानात घेऊन अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ साली आपल्या पदकावरून त्याचे नाव काढून टाकले. ज्ञानाची दारे सर्वांना उघडी करणारा माणूस स्वतःच्या क्लबाचे दार मात्र बंद ठेवू शकतो, हे आपल्याला नवे नाही. सार्वजनिक पाणवठ्यांच्या देशात आपण हेच पाहिले आहे.

मग आपल्याच देशात तयार झालेल्या पद्धतीकडे जावे काय? एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले आणि १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, ही त्यांची भूमिका लोकशाहीवादी आहे आणि तिच्याबद्दल आदरच वाटतो. पण त्यांच्याही धर्मवर्गात पहिले स्थान वैदिक धर्माला, दुसरे वेदोत्तर हिंदू धर्माला, तिसरे जैनांना आणि चौथे बौद्धांना. साहित्याच्या वर्गात लेखकाची ओळख ठरते ती त्याच्या जन्मवर्षावरून. शास्त्र म्हणून ही युक्ती चतुर आहे. आपल्या समाजातील पहिल्या पिढीच्या लेखकापाशी ती नेऊन पाहा. ज्याची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने घातली, ज्याच्या आईला त्याचा जन्म कोणत्या दुष्काळात किंवा कोणत्या साथीत झाला एवढेच आठवते, त्याचा क्रमांक कसा काढायचा? ज्यांच्या जन्माची नोंद घेण्याची गरज गावाला कधी वाटली नाही, त्यांना पुस्तकांच्या जगातही नोंदीपाशीच अडावे लागते.

या साऱ्या चर्चेची खरी कसोटी 'बलुतं' आहे. दया पवारांचे हे पुस्तक १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार आपले जगणे सांगतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच आणि तरी दोघे. सांगणारा वस्तीतला आणि लिहिणारा शिकलेला, यांच्यातील तुटलेपण हाच त्या पुस्तकाचा आशय आहे. आता याची जागा कोणती? चरित्रात ठेवले तर ते एका व्यक्तीच्या यशापयशाची हकीकत ठरते. समाजशास्त्रात ठेवले तर तो पुरावा ठरतो. ८९१.४६ या मराठी साहित्याच्या आकड्याखाली ठेवले तरच त्या रचनेची, भाषेची, त्या दोन आवाजांची चर्चा करणे भाग पडते. दलित आत्मकथने साहित्य आहेत की दस्तऐवज, हा वाद मराठी समीक्षेत वर्षानुवर्षे चालला. ग्रंथालयांच्या फळ्यांवर मात्र त्याचा निकाल कसलाही वाद न होता लागत होता. प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी' (१९८४) यांच्याबाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ही चारही पुस्तके मी समाजशास्त्राच्या कपाटात पाहिली. मराठी विषय घेतलेली मुले त्या कपाटाकडे फिरकत नव्हती. त्यांच्या लेखी मराठी साहित्याच्या कपाटात जे होते तेवढेच मराठी साहित्य होते.

हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेतील काळ्यांनी तो आपल्या आधी घेतला आणि त्यावर उपायही काढला. आर्तुरो शॉम्बर्ग हा पोर्तो रिकोत जन्मलेला काळा माणूस. काळ्यांना इतिहासच नाही, असे शाळेत असताना एका शिक्षकाने त्याला सुनावले, असे सांगतात. त्याने न्यूयॉर्कमध्ये बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर काळ्यांची पुस्तके, हस्तलिखिते, पत्रके, चित्रे जमवली. १९२६ साली पाच हजारांहून अधिक ग्रंथांचा तो घरगुती संग्रह दहा हजार डॉलर्सना न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी विकत घेतला गेला आणि हार्लेममधील शाखेत ठेवला गेला. एका कारकुनाचे घरचे कपाट एका समाजाचे स्मृतिस्थान बनले.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाच्या आणखी जवळचे आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला जेसी मूरलँड यांनी १९१४ साली आपला खासगी संग्रह दिला होता. १९३० साली त्याची व्यवस्था डोरोथी पोर्टर या तरुण काळ्या ग्रंथपाल स्त्रीकडे आली. तिने पाहिले की ड्युईच्या पद्धतीत काळ्यांसाठी ग्रंथालये दोनच आकडे वापरतात : ३२५ म्हणजे वसाहती आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी. काळ्या कवीचा कवितासंग्रहदेखील ३२५ वर जाई. पोर्टरने हे मानले नाही. कविता कवितेत, नाटक नाटकात, इतिहास इतिहासात, प्रत्येक लेखक आपापल्या विषयात, अशी तिने फेरमांडणी केली. तिने घोषणा दिली नाही की मोर्चा काढला नाही. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे बदलले. माझ्या मते हे विसाव्या शतकातील एक महत्त्वाचे समीक्षाकार्य आहे. १९७२ साली दलित पँथर स्थापन करताना आपल्या तरुणांनी काळ्यांच्या चळवळीकडून नाव घेतले, त्वेष घेतला, कवितेची भाषा घेतली. पोर्टरबाईंचे हे शांत काम मात्र आपण घेतले नाही. ते अजून घेता येईल.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. 'दलित साहित्य' असे वेगळे कपाट केले तर तो पुस्तकांचा महारवाडा होणार नाही काय? आणि वेगळे न करता सगळे ८९१.४६ मध्ये मिसळून टाकले तर या साहित्यामागची सामूहिक जाणीव, त्याचा नकार, त्याचे परस्परांशी असलेले नाते नाहीसे होणार नाही काय? कपाटापुरते बोलायचे तर या पेचातून सुटका नाही. वहीत मात्र आहे. फळीवर पुस्तकाला जागा एकच असते, पण यादीत त्याची नोंद हव्या तितक्या ठिकाणी करता येते. 'बलुतं' साहित्यात नोंदवावे आणि मुंबईच्या इतिहासात, जातीत, स्थलांतरात 'पाहा' म्हणून पुन्हा नोंदवावे. 'गुलामगिरी' (१८७३) इतिहासात, धर्मचिकित्सेत आणि संवादरूप गद्यातही यावे. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हे १९३६ चे भाषण, जे सभेत कधी झालेच नाही, राजकीय विचारात यावे तसेच वक्तृत्वातही यावे. ग्रंथपालांना ही रीत नवी नाही. जुन्या कार्डांच्या कपाटात ती सर्रास होती. आपण ती हेतुपूर्वक वापरली पाहिजे. एका माणसाला एकच जन्मदत्त जागा, हे ज्या व्यवस्थेचे सूत्र आहे तिच्याविरुद्ध लढणाऱ्यांनी पुस्तकाला तरी एकाहून अधिक जागा द्याव्यात.

माझ्या घरी सुमारे सहाशे पुस्तके आहेत. त्यांची यादी करताना मी दोन रकाने वाढवले : 'कोठून आले' आणि 'कोणी वाचून दाखवले'. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. दर ६ डिसेंबरला ते दादरला चैत्यभूमीवर जात आणि शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून दोन-चार पुस्तिका घेऊन येत. भीमगीतांचे संग्रह, वंदनेच्या पुस्तिका, बाबासाहेबांच्या भाषणांची पातळ पुस्तके. त्यांपैकी कित्येकांवर प्रकाशनवर्ष नाही, काहींवर मुद्रकाचे नाव नाही, आणि ग्रंथालयाच्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद अपुरीच राहील. पण 'कोठून आले' या रकान्यात चैत्यभूमी आणि ते साल लिहिता येते. 'कोणी वाचून दाखवले' या रकान्यात बहिणीचे नाव येते, कारण रात्री ती वाचायची आणि आई-वडील ऐकायचे. आई निरक्षर होती, तरी या सहाशेपैकी बरीच पुस्तके तिची 'ऐकून झालेली' आहेत. वाचक म्हणजे ज्याच्या हातात पुस्तक आहे तो, ही व्याख्या आपल्या घरांना लागू पडत नाही. आपल्याकडे एक पुस्तक सारे घर वाचते, कधी कधी सारी गल्ली वाचते. ही गोष्ट नोंदवणारा रकाना कोणत्याही छापील रजिस्टरात नाही. तो आपणच आखला पाहिजे.

अशा याद्या आपल्याविषयीही काही कठोर गोष्टी सांगतील. चळवळीतील घरांच्या वह्या उघडून स्त्रियांची पुस्तके मोजावीत. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१), शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (दोन्ही १९८६), ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) यांतली किती सापडतात? बेबीताईंनी आपले लेखन कित्येक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. त्या पुस्तकाची पहिली जागा म्हणजे घरातला अंधारा कोपरा, आणि ती जागा सवर्णांनी ठरवलेली नव्हती. तसेच अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) किंवा लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) आपल्या यादीत आहे की आपापल्या जातीपुरतीच यादी थांबली आहे, हेही तपासावे. मनाची कबुली टाळता येते, पण लिहिलेल्या यादीशी खोटे बोलणे कठीण असते.

हे सारे घरगुती छंदापुरते राहू नये. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते कित्येक वर्षे पेट्यांत बंद होती. शासनाने समिती नेमली, वसंत मून यांनी ते काम अंगावर घेतले आणि १९७९ साली लेखन-भाषणांचा पहिला खंड बाहेर आला. राष्ट्राची घटना लिहिणाऱ्याच्या कागदांना इतकी वाट पाहावी लागली, तर तालुक्याच्या गावातील एखाद्या कार्यकर्त्याच्या ट्रंकेची काय कथा? त्या ट्रंकेत 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक असतात, जलशांच्या वह्या असतात, परिषदांची पत्रके असतात, बंद पडलेल्या अनियतकालिकांचे सुटे अंक असतात. कार्यकर्ता जातो, घर लहान असते, मुले कामाच्या शोधात शहरात गेलेली असतात, आणि एक दिवस ट्रंक रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. रद्दीवाल्याचा दोष नाही. काय गेले हे कोणालाच सांगता येत नाही, कारण यादी नव्हती.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थ्यांपुढे एक साधे काम ठेवावेसे वाटते. प्रत्येक महाविद्यालयातील पाच-सहा मुलांनी आपल्या परिसरातील दोन-तीन जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी जावे. परवानगी घ्यावी, चहा घ्यावा आणि यादी करायला बसावे. पुस्तक, लेखक, साल, मुद्रक, पृष्ठे, अवस्था. आणि पुढे कोठून आले, कोणी वाचले, कोणी वाचून दाखवले. मुखपृष्ठाचे छायाचित्र आता खिशातल्या फोनवरही घेता येते. पुस्तके उचलून आणू नयेत. ती त्या घराचीच राहावीत. यादीची एक प्रत घरी, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक जवळच्या विहारात ठेवावी. ज्यांच्या दोन-तीन पिढ्यांना पुस्तकाला शिवू दिले गेले नाही, त्यांच्या घरांत आज काय आहे हे त्यांच्याच मुलांच्या अक्षरात लिहिलेले असले पाहिजे. पहिल्या वहीला पन्नास रुपयांहून अधिक खर्च येणार नाही.